कोंडलेल्या लॉगिनमधलं टर्मिनल: आधी तार, मग कोश, मग खोली

घाटंजी तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे. एका कापसाच्या जिनिंगचं कॉम्प्युटरचं काम तो बघतो. तीन खरेदी केंद्रांवर काटे आहेत. तिथले ऑपरेटर जुन्या लॅपटॉपवरून, कधी मोबाइलवरून, नागपूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (लांबच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनची सोय) लॉगिन करतात आणि काटापट्टीची नोंद करतात. ऑपरेटरला सर्व्हरवरचं बाकी काही दिसू नये म्हणून त्याने हे लॉगिन सीएचरूटमध्ये, म्हणजे एका फोल्डरलाच सगळी सिस्टिम मानायला लावणाऱ्या बंदिस्त जागेत, कोंडलं. आत आरबॅश (कमांड चालवणारं शेल, पण बंधनं घातलेलं), नोंदीचा मेनू आणि नॅनो हा मजकूर लिहायचा प्रोग्राम, एवढंच ठेवलं. लॉगिन होतं, पण मेनू उघडायला गेलं की ‘एरर ओपनिंग टर्मिनल: एक्सटर्म-२५६कलर’ असा निरोप येतो. एका केंद्रावर बॅकस्पेस दाबला की अक्षर खोडलं जाण्याऐवजी ‘^एच’ उमटतं. गावाचं नाव मराठीत टाइप करताना खोडलं तर प्रश्नचिन्हाचा चौकोन उरतो. मधूनच स्क्रीन गोठते. पहिली वेचणी घरात आली आहे, फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग लागते आहे, आणि मालक म्हणतो, ते कोंडणं काढून टाक आणि सरळ लॉगिन दे. ‘काका, काय करू?’

कोंडणं काढू नको, भाऊ. तुला दिसणाऱ्या चार तक्रारींपैकी तिघींचा इलाज दार उघडं टाकण्यात नाही. सरळ लॉगिन दिलंस तर पहिली तक्रार जाईल, बाकीच्या तिन्ही तशाच राहतील. आणि ज्या सर्व्हरवर शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक पडलेले आहेत, तो तीन केंद्रांवरच्या कुणालाही मोकळा होईल. मी आर्वीकडच्या गावात बसून वीस वर्षांवर लांबचे सर्व्हर सांभाळतो आहे. या काळात टर्मिनल दुरुस्त करायचं म्हणून सुरक्षा सैल केलेली मी पुष्कळदा पाहिली. सैल केलेली पुन्हा आवळलेली मात्र फार कमी वेळा पाहिली.

आधी हे होतं कसं ते समजून घे, म्हणजे कुठे हात घालायचा ते कळेल. एक गोष्ट सांगून ठेवतो: कमांडची नावं मी बोलतो तशी लिहितो आहे. तू ती रोज टाइप करतोस, त्यामुळे ओळखशीलच. पर्यायाचं अक्षर मोठं हवं तिथे तसं सांगेन, बाकी लहान.

टर्मिनलला सर्व्हरच्या भाषेत टीटीवाय म्हणतात, हे नाव टेलिटाइपवरून आलं. तालुक्याच्या तार ऑफिसात खडखडणारं टेलिप्रिंटर यंत्र असे, त्याच जातीचं ते यंत्र. आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तुझ्या लॅपटॉपमधलं टर्मिनल आजही त्या यंत्राची नक्कलच करतं. या टोकाला अक्षर दाबलं की त्या टोकाला बाइट जातो, त्या टोकाहून बाइट आला की इथे छापलं जातं. पुढे स्क्रीनवाली टर्मिनलं आली. डेक कंपनीचं व्हीटी१०० हे १९७८ चं. स्क्रीन पुसणं, कर्सर हलवणं, अक्षर ठळक करणं यासाठी खास खुणांच्या साखळ्या ठरल्या. प्रत्येक कंपनीच्या साखळ्या वेगळ्या होत्या, म्हणून त्यांचा एक कोश तयार झाला. तोच टर्मइन्फो. नॅनो, तुझा मेनू, टॉप (चालू कामांची यादी), टीमक्स (एका लॉगिनमध्ये अनेक खिडक्या देणारा प्रोग्राम) हे सगळे स्क्रीनवर काही काढण्याआधी ‘टर्म’ या व्हेरिएबलमधलं नाव वाचतात आणि त्या नावाची नोंद कोशात शोधतात.

म्हणजे बघायच्या गोष्टी तीन आहेत. तार, म्हणजे दोन टोकांना जोडणारा पीटीवाय (सॉफ्टवेअरमधलं नकली टर्मिनल). कोश, म्हणजे टर्मइन्फो. आणि खोली, म्हणजे तू ज्यात लॉगिन कोंडलंस ती सीएचरूटची जागा. तक्रार आली की हात लावण्याआधी ती यातल्या कुणाची ते ठरव.

तारेपासून सुरुवात कर. एसएसएचने लॉगिन होताना तुझा क्लायंट, म्हणजे केंद्रावरच्या लॅपटॉपमधला एसएसएच प्रोग्राम, सर्व्हरला पीटीवाय मागतो. त्याच मागणीत टर्मचं नाव, स्क्रीनच्या ओळी-रकाने आणि बॅकस्पेससारख्या कळांच्या सेटिंग्जही पाठवतो. सर्व्हरवरचा एसएसएचडी, म्हणजे एसएसएचची जोडणी घेणारा प्रोग्राम, तो पीटीवाय खोलीबाहेर, मुख्य सिस्टिममध्ये उघडतो आणि त्याचं टोक हातात धरून मग सीएचरूटच्या आत शिरतो. हा क्रम नीट लक्षात ठेव, निम्मं निदान यातच आहे. ‘पीटीवाय अलोकेशन रिक्वेस्ट फेल्ड’ असा निरोप येत असेल तर दोष खोलीच्या आत शोधत बसू नको, कारण तोवर आत कुणी गेलेलंच नसतं. एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये त्या यूजरसाठी ‘परमिटटीटीवाय नो’ लिहिलंय का बघ. ऑथराइज्ड कीजच्या (कोणत्या चाव्यांनी लॉगिन होतं त्या फाइलच्या) ओळीत ‘नो-पीटीवाय’ किंवा नुसतं ‘रिस्ट्रिक्ट’ आहे का बघ. रिस्ट्रिक्ट सगळंच बंद करतं, त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन ‘पीटीवाय’ लिहिलं की तेवढं एक परत मिळतं. स्वस्तातला व्हर्च्युअल सर्व्हर असेल तर मुख्य सिस्टिमवर डेव्हपीटीएस, म्हणजे पीटीवायच्या नोंदी ठेवणारी जागा, माउंट झालंय का तेही बघ.

तुला हा निरोप येत नाही, म्हणजे तुझी तार शाबूत आहे. तरी खात्री करून घे. आत गेल्यावर ‘टेस्ट -टी ०’ चालव आणि त्याचा निकाल छाप. शून्य आला तर टर्मिनल जोडलेलं आहे. मग नुसतं ‘टीटीवाय’ चालव (हा आणि पुढे येणारे एसटीटीवाय, लोकेल हे प्रोग्राम खोलीत नसतील तर आधी नॅनोसारखेच लायब्ररींसह आत ने). सीएचरूटमध्ये ते बहुधा ‘नॉट अ टीटीवाय’ म्हणेल आणि तू घाबरशील. घाबरू नको. तार आहे, फक्त त्या तारेचं नाव लिहिलेली पाटी, म्हणजे /डेव्ह/पीटीएस खालची नोंद, तुझ्या खोलीत नाही. नॅनोला आणि मेनूला त्या पाटीची गरज पडत नाही. ‘स्क्रीन’ नावाचा प्रोग्राम, टीमक्स अशांना पडते. त्यांची खरंच गरज असेल तरच मुख्य /डेव्ह/पीटीएस आत बाइंड माउंट कर, म्हणजे तीच फोल्डर आतही दिसेल अशी जोड. नवं डेव्हपीटीएस आत माउंट करून उपयोग नाही, कारण तुझा पीटीवाय बाहेरच्यात उघडलेला असतो. त्याची पाटी नव्यात सापडायची नाही.

एक तारेचीच गोष्ट, जिच्यात पुष्कळजण फसतात. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट ‘एसएसएच सर्व्हर मेनू’ अशी कमांडच चालवत असेल, तर क्लायंट आपणहून पीटीवाय मागत नाही. मग टर्म रिकामं राहतं आणि मेनू कोसळतो. शॉर्टकटमध्ये ‘-टी’ घाल, नाहीतर क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये ‘रिक्वेस्टटीटीवाय यस’ लिही.

आता कोश. तुझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार इथलीच आहे. ‘एरर ओपनिंग टर्मिनल’ हे वाक्य एनकर्सेस ही स्क्रीन मांडायची लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रामांचं. हेच दुखणं क्लिअर आणि टॉप ‘अननोन टर्मिनल टाइप’ म्हणून सांगतात, लेस ‘टर्मिनल इज नॉट फुली फंक्शनल’ म्हणतं आणि टीमक्स ‘मिसिंग ऑर अनसूटेबल टर्मिनल’. चौघांचं म्हणणं एकच: मला नाव सांगितलंत, पण त्या नावाची नोंद असलेला कोश खोलीत नाही. तू नॅनो आत नेलास, एलडीडीने त्याला लागणाऱ्या लायब्ररींची यादी बघून त्या नेल्यास, पण टर्मइन्फो ही लायब्ररी नाही. ती साध्या फायलींची मांडणी आहे आणि एलडीडीच्या यादीत ती कधीच दिसत नाही. म्हणून ती राहून जाते. जवळजवळ प्रत्येकाची राहते.

खात्री करायला ‘टर्म=डम्ब’ देऊन बघू नको, त्याने काही कळत नाही. मुख्य सिस्टिमवर रूट (सगळे हक्क असलेला यूजर) म्हणून एसट्रेस, म्हणजे प्रोग्राम काय काय उघडतो ते दाखवणारी कमांड, लाव आणि सीएचरूट कमांडला ‘--यूजरस्पेक’ने ऑपरेटरचं नाव देऊन त्याच्याच हक्कांनी नॅनो उघड. एसट्रेसला ‘ट्रेस=फाइल’ देऊन ‘स्टॅट’, ‘ॲक्सेस’ आणि ‘ओपनअ‍ॅट’ दाखवायला सांग. नॅनो कोणत्या कोणत्या पत्त्यावर कोश शोधायला गेला आणि कुठून हात हलवत परत आला, हे ओळीओळीने दिसेल. आधी घरातली ‘.टर्मइन्फो’, मग /ईटीसी/टर्मइन्फो, /लिब/टर्मइन्फो, /यूएसआर/शेअर/टर्मइन्फो. डेबियनच्या घराण्यात साधारण एवढेच पत्ते. ‘इन्फोसीएमपी -डी’ (मोठा डी) हीच यादी एका झटक्यात सांगतं, पण एसट्रेसची सवय लावून घे. बाकीच्या हरवलेल्या फायलीही त्यातच सापडतात.

मग इलाज सोपा आहे. मुख्य सिस्टिमवरच्या कोशातून लागणाऱ्या नोंदी त्याच पत्त्यावर खोलीत ने. नोंदी पहिल्या अक्षराच्या फोल्डरमध्ये असतात: एक्सच्या फोल्डरमध्ये एक्सटर्म आणि एक्सटर्म-२५६कलर, व्हीमध्ये व्हीटी१००, एलमध्ये लिनक्स, एसमध्ये स्क्रीन आणि स्क्रीन-२५६कलर, पीमध्ये पुटी (विंडोजवरचा एसएसएच क्लायंट). एकेक नोंद जेमतेम तीन-चार किलोबाइटची, त्यामुळे कंजुसी करू नको. कॉपी करताना ‘सीपी -एल’ (मोठा एल) वापर. कोशातल्या काही नोंदी नुसत्या दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या लिंक असू शकतात. लिंक आत आणि खरी फाइल बाहेर राहिली तर सगळं करून सवरून तोच निरोप येईल.

तरीही तोच निरोप आला तर परवानग्या बघ. कित्येक सर्व्हरवर रूटचा यूमास्क, म्हणजे नव्या फायलींच्या परवानग्या ठरवणारा आकडा, ०७७ असतो. रूटने फोल्डर बनवले की ते फक्त रूटलाच वाचता येतात. रूट म्हणून तपासलं तर सगळं चालतं, ऑपरेटरचं मात्र चालत नाही. फोल्डर ७५५, फाइल ६४४. याच कारणासाठी वर यूजरस्पेक सांगितलं. रूट होऊन केलेली तपासणी इथे खोटी खात्री देते.

तोवर रांग थांबलेली असेल तर तात्पुरतं ‘टर्म=व्हीटी१००’ पुढे लावून मेनू उघडता येतो, अर्थात व्हीटी१०० ची नोंद आत असेल तर. आरबॅश पाथ, शेल असले ठरावीक व्हेरिएबल बदलू देत नाही, टर्म बदलू देतो. रंग जातील, काही कळा चालायच्या नाहीत, पण काटापट्टी निघेल. ही ओळ प्रोफाइलमध्ये (लॉगिन होताच चालणाऱ्या फाइलमध्ये) कायमची लिहून ठेवू नको, ही माझी कळकळीची विनंती आहे. टर्म हे क्लायंटने स्वतःची करून दिलेली ओळख असते. तू तिथे एकच नाव ठोकून बसवलंस, तर उद्या कुणी दुसऱ्या टर्मिनलमधून, टीमक्समधून, फोनवरून आला की प्रोग्राम एक भाषा बोलेल आणि स्क्रीन दुसरी समजेल. कर्सर भलतीकडे जाईल, ओळीवर ओळ चढेल. आकडा एका रकान्यात दिसेल आणि पडेल दुसऱ्यात. क्विंटलच्या हिशोबात हे परवडणारं नाही.

ऑपरेटर नव्या जातीचं टर्मिनल वापरत असेल, कित्ती वगैरे, तर त्याचं नाव जुन्या सर्व्हरच्या कोशातही नसतं. अशा वेळी त्याच्या मशीनवर ‘इन्फोसीएमपी -एक्स’ चालवून नोंद काढायची आणि सर्व्हरवर ‘टिक -एक्स’ने कोशात भरायची. पाच मिनिटांचं काम.

खोलीचं बोलू. खोली म्हणजे फक्त भिंती नाहीत, आत राहायला लागणारं सामानही त्यात आलं. एसएसएचडीचा पहिला हट्ट असा, की सीएचरूटची फोल्डर आणि तिच्या वरची प्रत्येक फोल्डर रूटच्या मालकीची असावी, दुसऱ्या कुणाला तिच्यात लिहिता येऊ नये. यात चूक असली की लॉगिन होता होता तुटतं, ऑपरेटरला काहीच कळत नाही, आणि कारण फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ म्हणून पडलेलं असतं. तुझं हे ठीक दिसतंय, नाहीतर तू आतच पोचला नसतास. प्रोग्राम समोर दिसतोय तरी ‘नो सच फाइल’ येत असेल, तर तो प्रोग्राम नाही, त्याचा लोडर हरवलाय. ६४ बिटच्या सिस्टिमवर /लिब६४ खालची एलडीने सुरू होणारी फाइल आत आहे का बघ.

/डेव्हबद्दल मात्र सावकाश बोलतो, कारण इथे मी स्वतः पोळलोय. खोलीत नल, झीरो आणि टीटीवाय ही तीन उपकरणं तरी हवीत. ‘एमकेनॉड’ने बनवायची: नलला सी १ ३, झीरोला सी १ ५, टीटीवायला सी ५ ०, तिघांना मोड ६६६. पासवर्ड विचारणारे प्रोग्राम कीबोर्डकडे न बघता सरळ /डेव्ह/टीटीवाय उघडतात. ते नसलं तर पासवर्ड न विचारताच अपयश कळवतात आणि माणूस चाव्या तपासत बसतो.

पुलगावकडच्या एका जिनिंगचं काम माझ्याकडे होतं. खोलीत मी टीटीवाय बनवलं आणि नल बनवायचं राहिलं. रात्री रूटच्या हक्काने आत चालणारी एक स्क्रिप्ट आपला सगळा पसारा /डेव्ह/नलमध्ये ओतत होती. नल नव्हतं, म्हणून शेलने त्या नावाची साधी फाइल बनवली. ती रोज फुगत गेली. पंधरवड्यानंतर एका सकाळी डिस्क भरली आणि नोंदी थांबल्या. मी ‘डीयू’ लावून शोधलं तेव्हा सगळी जागा खाणारी फाइल ‘नल’ नावाची निघाली. मिनिटभर मला कळेचना, की जिच्यात काहीच उरू नये ती इतकी मोठी कशी. बाहेर मजूर भरलेल्या गाड्यांवर बसून होते, उन्हं चढत होती. तेव्हापासून खोली बनवली की मी ‘एलएस -एल’ करून ओळीचं पहिलं अक्षर बघतो. तिथे सी असलं पाहिजे. उणे चिन्ह दिसलं तर ती साधी फाइल आहे.

आणखी एक: खोली ज्या पार्टिशनवर आहे ते ‘नोडेव्ह’ लावून माउंट केलेलं असेल तर उपकरणं दिसतील बरोबर, पण उघडताना ‘परमिशन डिनाइड’ येईल. होमचं पार्टिशन पुष्कळदा असंच असतं. मग परवानग्या कितीही बदल, उपयोग नाही. खोली दुसऱ्या पार्टिशनवर हलव.

आता ‘^एच’. बॅकस्पेसची कळ कोणता बाइट पाठवते यावर दोन घराणी आहेत. एक ८ पाठवतं, ते ‘^एच’ असं दिसतं. दुसरं १२७ पाठवतं, ते टोपी आणि प्रश्नचिन्ह असं दिसतं. सर्व्हरकडची बाजू १२७ ची वाट बघत असेल आणि कळ ८ पाठवत असेल, तर खोडलं जात नाही, नुसतं उमटतं. त्या केंद्रावरच्या ऑपरेटरला फोन लावून कंट्रोल-व्ही आणि मग बॅकस्पेस दाबायला सांग, काय उमटतं ते वाचून घे. मग ‘एसटीटीवाय -ए’ या टर्मिनलच्या सेटिंग्ज दाखवणाऱ्या कमांडमधला ‘इरेज’ बघ. दोन्ही जुळत नसतील तर क्लायंटकडे दुरुस्त कर. पुटी असेल तर कीबोर्डच्या पानावर बॅकस्पेससाठी कंट्रोल-एच आणि १२७ असे दोन पर्याय आहेत, १२७ निवडून सेशन सेव्ह कर. सर्व्हरवर ‘एसटीटीवाय इरेज’ लिहिलंस तर एका केंद्राचं जुळेल आणि दोन केंद्रांचं बिघडेल. बाणाच्या कळेने कंस आणि ए उमटत असेल तर तो वेगळा विषय आहे. आत बॅशऐवजी डॅश हे साधं शेल आलंय, त्याला ओळ संपादनाची सोय नाही. शेल बदल, कळांच्या मागे लागू नको.

गोठणाऱ्या स्क्रीनची दोन कारणं असतात आणि ती बाहेरून अगदी सारखी दिसतात. पहिलं, कंट्रोल-एस. काट्यावरच्या ऑपरेटरचा हात एक्सेलवर बसलेला असतो. आकडा टाकला की बोटं आपोआप कंट्रोल-एस दाबतात. टर्मिनलच्या जगात त्याचा अर्थ ‘छापणं थांबव’ असा आहे, टेलिटाइपच्या काळापासून. स्क्रीन थांबते, तो आणखी कळा दाबतो, त्या आत जमा होत राहतात. पुढे कुणी कंट्रोल-क्यू दाबलं की सगळ्या एकदम धावतात आणि नको त्या रकान्यात जाऊन पडतात. हे मी समोर बसून पाहिलंय: एकाच गाडीची नोंद तीनदा झाली होती. ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ ही ओळ प्रोफाइलमध्ये घाल. तिच्याआधी ‘टेस्ट -टी ०’ची अट लाव, म्हणजे जिथे टर्मिनल नाही तिथे उगाच एरर उमटणार नाही. तसंच ‘.बॅशआरसी’ या फाइलमध्ये स्वागताचे निरोप छापू नको, फाइल पाठवणारे प्रोग्राम त्या फालतू अक्षरांनी अडखळतात. आणि प्रोफाइल रूटच्या मालकीचं ठेव, नाहीतर आरबॅशला अर्थ उरत नाही.

दुसरं कारण आपल्या भागातलं. लाइन जाते, टॉवरची बॅटरी उतरते, मोबाइलचं नेटवर्क मधली जोडणी गुपचूप विसरून जातं. दोन्ही टोकांना वाटतं की समोरचा आहे, आणि मध्ये कुणीच नसतं. क्लायंटमध्ये ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल’ ३० ठेव. पुटीत तीच सोय ‘सेकंड्स बिटवीन कीपअलाइव्ह्ज’ नावाने आहे, तिथे शून्य असतं ते ३० कर. सर्व्हरवर ‘क्लायंटअलाइव्हइंटरव्हल’ही लाव, म्हणजे मेलेली सेशन अडकून राहणार नाहीत. लिनक्सच्या क्लायंटवर गोठलेल्या सेशनमधून निघायला खिडकी बंद करायची गरज नाही. एंटर, मग टिल्ड, मग टिंब. सगळ्या ऑपरेटरांना हे कागदावर लिहून काट्याजवळ चिकटवून दे. कंट्रोल-क्यूने सुटलं तर कंट्रोल-एस होतं, नाही सुटलं तर नेटवर्क होतं, हेही त्याच कागदावर लिही.

जोडणी तुटली तरी काम टिकावं म्हणून टीमक्स द्यावंसं वाटेल. फक्त आरबॅश असेल तर मुळीच देऊ नको. टीमक्स नवी खिडकी उघडताना दुसरं शेल चालवू शकतं, मग बंधन संपलं. सीएचरूटमध्ये धोका कमी, पण त्याला पीटीएस, पीटीएमएक्स, कोश, लोकेल, लिहिता येणारी टेंप फोल्डर असं सगळं आत न्यावं लागतं. त्यापेक्षा मेनू असा लिही की एक काटापट्टी पुरी झाली की ती त्याच क्षणी जतन व्हावी. तुटलं तर फार तर एक गाडी पुन्हा लिहावी लागेल. व्हीआय हा मजकूर लिहायचा प्रोग्रामसुद्धा देऊ नको, त्यातून शेल उघडता येतं. नॅनो ‘-आर’ (मोठा आर) लावून दे. लेस दिलंस तर ‘लेससिक्युअर’ १ ठेव.

शेवटची तक्रार मराठीची. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथे लोक पटकन म्हणतात, ‘इंग्रजीत लिहा ना गावाचं नाव.’ का लिहावं? सातबाऱ्यावर नाव मराठीत आहे, पावती वाचणारा मराठीत वाचतो.

‘घाटंजी’ घे. घ, काना, ट, अनुस्वार, ज, वेलांटी, अशा सहा खुणा. यूटीएफ-८ या अक्षर साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइटची, म्हणजे १८ बाइट. टर्मिनलच्या तारेला हे सांगितलेलं नसेल, तर एका बॅकस्पेसला ती एकच बाइट खोडते. वेलांटीच्या ३ पैकी २ बाइट मागे उरतात, तोच तुझा चौकोन. वर ऑपरेटरला वाटतं खोडलं गेलं, तो पुढे टाइप करतो, आणि डेटाबेसमध्ये अर्धवट अक्षर जाऊन बसतं. महिनाअखेरीला गावनिहाय बेरीज करताना तेच गाव दोन वेगळी गावं म्हणून येतं. याला ‘एसटीटीवाय आययूटीएफ८’. ही सेटिंग एसएसएचमधून आपोआप पोचवायची रीत २०१७ मध्ये मानक म्हणून ठरली. जुन्या क्लायंटला ती येत नाही, म्हणून प्रोफाइलमध्येच घालून टाक.

तेवढ्याने भागणार नाही, लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांची सेटिंग, तेही हवं. तुझा लॅपटॉप सर्व्हरला एमआर-आयएन (मराठी, भारत) सांगतो. खोलीत ते लोकेल नसतं, मग बॅश ‘कॅनॉट चेंज लोकेल’ म्हणून कुरकुरतो आणि सगळे प्रोग्राम एक बाइट एक अक्षर धरून चालतात. पूर्ण लोकेल-आर्काइव्ह आत नेण्याची गरज नाही. /यूएसआर/लिब/लोकेल खाली सी.यूटीएफ८ नावाची छोटी फोल्डर असते, ती त्याच पत्त्यावर आत ने आणि प्रोफाइलमध्ये ‘एलसी-ऑल’ला तीच किंमत दे.

याउपर एक अडचण उरेल, आणि ती तुझ्या हातातली नाही. ‘क्ष’सारखं जोडाक्षर किती रकाने घेतं याबद्दल प्रोग्राम आणि टर्मिनल यांचं एकमत नसतं. प्रोग्राम दोन मोजतो, टर्मिनल कधी एकात बसवतं, आणि पुढचे सगळे रकाने सरकतात. वजनाच्या आकड्यांची उभी ओळ मग वाकडीतिकडी होते. माझा साधा उपाय: मेनूत मराठी मजकूर ओळीच्या अगदी शेवटी ठेव. पट्टी क्रमांक, वजन, दर हे आकडे आधी, शेतकऱ्याचं नाव आणि गाव शेवटी. सरकायला पुढे काही उरतच नाही. शिवाय २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड दिलेला आहे. बेरीज त्या कोडवर कर, नाव फक्त दाखवायला ठेव.

हे सगळं चालू सर्व्हरवर करताना एक लॉगिन रूटचं उघडं ठेवूनच कर. एसएसएचडीची कॉन्फिग बदललीस की आधी ‘एसएसएचडी -टी’ लहान टीने चालवून ती तपास. मोठ्या टीने, ऑपरेटरचं नाव देऊन, त्याला खरोखर कोणते नियम लागू होतात ते वाच, मग रीस्टार्ट कर, आणि नवं लॉगिन दुसऱ्या खिडकीतून होतंय हे बघितल्याशिवाय पहिली खिडकी बंद करू नको. स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंस तर घाटंजीहून नागपूरला जाण्यात दिवस जाईल.

आज रात्री काटे बंद झाल्यावर आधी कोश आत ने आणि एकाच केंद्राचं लॉगिन तपास. मग त्या लॉगिनमधून ‘टेस्ट -टी ०’चा निकाल, ‘एसटीटीवाय -ए’ आणि ‘लोकेल’ या तिघांचं जे उमटेल ते मला पाठव. मी सकाळी सहाला उठलेला असतो, काटे सुरू व्हायच्या आधी बघून सांगतो.